वकीलसाहेबांचं गवत

…आणि वरतून मलेच म्हणतात, तारा, तू मधात बोलू नको! आता तुमीच सांगा, मी काय बोलली? एवढंच न, की अहो, चहा घ्या, तो कागद काही पळून नाही चालला! पण नाही. आमचे वकीलसाहेब, म्हणजे आमचे हेच, कमलाकांत… उभी हयात अमरावतीच्या कोर्टात गेली, भल्याभल्यायले उलटतपासणीत घाम फोडला, आणि तो माणूस फरशीवर पालथा पडून रंगखडू घासून राहिला!

झालं काय, तुमाले सांगते… पुण्याहून नातवंडं आलेली, इशिता न पुष्कर. बाहेर असं ऊन, की कुत्रंही सावली सोडत नाही. आत कूलरची घरघर, वाळ्याचा वास, पडदे ओढलेले, अर्धं घर पेंगून राहिलं. इशितानं चादरीएवढा कागद अंथरला. त्यावर छापील जंगल, अन् जंगलात एक ड्रॅगन. दुष्ट नाही बरं! चांगला गुबगुबीत, लांब पापण्या, नाकावर फुलपाखरू. रंग तेवढा भरायचा. इशितानं कामं वाटली. ड्रॅगन तिचा, झाडं-फुलं पुष्करची, अन् "आजोबा, तुम्ही फक्त गवत."

फक्त गवत! अहो, ज्या माणसानं आपल्या ज्युनिअरायले जन्मभर तारखा मागाले पाठवलं, त्याले फक्त गवत? त्यायनं युक्तिवाद केला. म्हणे, निदान एक पंख. नाही. शेपटीचं टोक? नाही, आजोबा, तुम्ही रेषेबाहेर जाता. लागला निकाल! अपील कुठं करता? माझ्याकडं पाहिलं. मी भाजी निवडत होती, मी काय बोलणार?

पण खरं सांगू? त्यायले लागलं ते. उद्या लेकरं जाणार, चित्र पुण्याच्या घरी भिंतीवर लागणार, येणारा-जाणारा ड्रॅगन पाहणार… गवत कोण पाहते? आजोबाचं त्यात काय राह्यलं? मले समजते न सारं.

मग बसले करत. हिरवा खडू अन् एकेक पातं. हळूहळू हात संथ झाला, गुणगुणणं सुरू झालं… म्हणे, तारा, चिखलदऱ्याचं गवत असंच असते, सकाळी ओलं, पायाले गार. लग्नानंतर गेलतो, आठवते काय? आता न आठवाले काय झालं! कूलरचा वारा आला की कागद हलकाच फुगे, अन् देवाशपथ सांगते, मले वाटलं तो ड्रॅगनच श्वास घेऊन राहिला. लेकरं केव्हा झोपली, मी केव्हा कलंडली, काही पत्ता नाही. स्वप्नात मी त्याच गवतातून चालत होती, गुडघ्याएवढं हिरवं… अन् कोणीतरी मोठं, ऊबदार, माझ्या बाजूनं चालत होतं.

जागी झाली ते इशिताच्या आवाजानं. "आजोबा, ड्रॅगन कुठे गेला?"

काय केलं असंल ह्या माणसानं? लेकरं झोपलेली पाहून इशिताचा कोराच राह्यलेला ड्रॅगन रंगवला! खडूचा डबा पोरीनं उशाखाली घेतलेला, ह्यायच्या हाती तोच एक हिरवा. घासला! पंख हिरवे, शेपटी हिरवी, गवत तर हिरवं होतंच. आख्खा ड्रॅगन गवतात बुडाला, वर नुसतं फुलपाखरू. ह्यायचं तोंड पिंजऱ्यातल्या आरोपीवानी. हळूच म्हणतात, "झोपला तो गवतात. गार होतं न तिथं." मी म्हटलं, आता रडते पोरगी! पण ती कागदावर पालथी झाली, बोटानं पातं न् पातं चाचपत गेली, अन् पुष्करच्या कानात म्हणे, हळू बोल, उठेल तो.

मग काय, वकीलसाहेबायची छाती अशी फुगली! दुसरा कागद निघाला, त्यावरही ड्रॅगन, पण उडणारा. ह्यायनं विचारलं, आता तरी फक्त गवत नाही न? इशितानं जरा विचार केला.

"नाही, आजोबा. आता तुम्ही फक्त ढग."

तुमाले सांगते, तेव्हापासून पांढऱ्या कागदावर पांढरा खडू फिरवून राहिले. दिसत काही नाही! चहा दोनदा तापवला. बोलाले गेली, तर म्हणतात, तारा, तू मधात बोलू नको… रेषेबाहेर जाईन.