नाड्याचं मोकळं टोक

ऐका. आणि ए, तो कंदील जरा बारीक करा, चेष्टा पुरे झाली. ही गोष्ट गेणूची. दोर वळणारा गेणू. तेव्हा नायलॉन कुठं होतं रे? घायपात कुजवायचा, बडवून बडवून त्याचा वाख काढायचा, मग पीळ भरत पाठमोरं चालायचं. हाताची सालटी निघायची, तेव्हा कुठं मोटेचा नाडा तयार व्हायचा. आणि रीत अशी, की टोकाला गाठ मारल्याशिवाय नवा दोर उंबऱ्याबाहेर काढायचा नाही.

अंधार पडला नि धाकट्या भावाची, लहानूची बायको धावत आली. "दादा, धनी माळावरच्या विहिरीत पडलं! कपारीला धरून हाईत. तुम्ही दोर घिऊन पळा, मी माणसं जमवते!"

गेणूनं नवा नाडा खांद्यावर टाकला. गाठ? कुणाला सुचतेय गाठ!

जवळची वाट पांदीची, दोन्ही बाजूंच्या झाडीतून जाणारी. तिथल्या पडक्या विहिरीत दोराचा पीळ सुटून एक माणूस मेलेला, म्हणून दिवसासुद्धा कुणी फिरकत नसे. पण भाऊ लोंबकळतोय. गेणू शिरला.

मागं नाड्याचं टोक लोंबत होतं. ते अडकलं. काटा असेल! हिसडा दिला, सुटलं. पुन्हा अडकलं. आणि मग, ऐका, खांद्यावरचा नाडा फिरायला लागला! आपोआप! वळणाऱ्याला कळतंच की. मागून कुणीतरी पीळ उलगडत होतं.

मग आवाज आला. लहानूचा. "दादा, टोक माझ्या हातात हाय. ये की मागं."

लहानू तर विहिरीत! गेणूनं मान वळवली नाही. तेवढ्यात सुटलेला वाख पायात आला, छातीला आला, गळ्याला आला. ओला, गार. श्वास कोंडला. त्यानं कमरेचा विळा उपसला अन् खांद्यामागं घाव घातला. नाडा तुटला. गेणू पळाला. अरे, कसा पळाला!

विहिरीवर पोचताच उरलेला नाडा आत सोडला.

"दादा, अजून थोडा सोड," लहानू खालून म्हणाला. "बोटं लागत्यात."

अजून होता कुठं? गेणूनं डोक्याचा पटका सोडला, वरच्या टोकाला बांधायला घेतला. गाठ बसायच्या आत खाली पाण्याचा आवाज झाला.

गेणू वाचला. वाचला म्हणायचं, झालं. पुन्हा वाखाला हात लावला नाही त्यानं.

तर त्या पांदीनं जायचं नाही. कितीही घाई असो, जायचं नाही! आधी तिथं एकच होता, मागून टोक धरणारा. आता दोघं आहेत, नाड्याचा तुटका तुकडा तिथंच राहिला ना! दुसरा काही धरत नाही बिचारा. नुसता म्हणतो, "दादा, अजून थोडा सोड."