वळणावरचा ओंडका

मुलगी : बाबा, थांबा म्हटलं ना.

बाबा : आता थांबायला काय झालं? अजून चार पावलं, की ओंडका आला. तिथेच टेकू. अठ्ठावीस वर्षं या अभयारण्यात आलेल्या प्रत्येकाला मी त्या ओंडक्यावर बसवलंय. पोटच्या पोरीला तेवढं बसवायचं राहिलं होतं.

मुलगी : हळू बोला. पुढे मगर आहे.

बाबा : इकडे? अगं, त्या पलीकडच्या वाळूवर असतात. या वाटेवर माणसांची एवढी ये-जा, कशाला येईल ती?

मुलगी : वाटेला लागूनच आहे. आडवी पडलीय.

बाबा : लांब, काळपट, मधे जरा फुगीर?

मुलगी : हो.

बाबा : तोच आपला ओंडका. सगळे फसतात. दर गटात एखादा तरी किंचाळतोच. मी मुद्दाम आधी सांगत नाही, गंमत जाते. चल.

मुलगी : पाऊल उचलू नका. त्या ओंडक्याला डोळे आहेत.

बाबा : डोळे? कुठे?

मुलगी : तुम्हाला दिसत नाहीये ना?

बाबा : ऊन समोरून येतंय.

मुलगी : ऊन आपल्या पाठीवर आहे, बाबा.

बाबा : किती लांब आहे?

मुलगी : पंधरा पावलं. नाही, बाराच असतील.

बाबा : तोंड उघडं की मिटलेलं?

मुलगी : उघडं. केवढे दात आहेत.

बाबा : दात मोजू नकोस. तोंड उघडं म्हणजे उन्हाला पडलीय, निवांत आहे. आता पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही. माझा दंड धर आणि एकेक पाऊल मागे. तिनं तोंड मिटलं की सांग.

मुलगी : मिटलं.

बाबा : थांब. हलली का?

मुलगी : नाही. एक डोळा इकडेच आहे तिचा.

बाबा : असू देत. एकेक पाऊल मागे घेत राहा. मला खड्डा-दगड सांगायची गरज नाही, ही वाट मला पाठ आहे. तू फक्त तिच्याकडे बघ.

मुलगी : पाण्याकडे वळतेय. गेली. पाण्यात गेली.

बाबा : तरी थांबायचं नाही. वरच्या पाटीपर्यंत चल.

मुलगी : बसा. या कठड्यावर बसा आधी.

बाबा : टिटवी मघापासून कोकलत होती. ऐकलं होतं मी. म्हटलं, तुझ्या भडक ओढणीला बिचकली असेल. पण मग ओंडका कुठे होता? मगरीच्या मागे?

मुलगी : तिथे ओंडका नाहीच. नुसता वाळलेला गाळ आहे.

बाबा : बुधवारी धरणाचं पाणी सोडलं होतं. त्यात गेला असणार. मला कुणी बोललं नाही.

मुलगी : कशाला बोलतील? त्यांना वाटतं, तुम्ही रोज बघताय.

बाबा : हो. तेही खरंच.

मुलगी : बुधवारपासून कितीदा आलात इथे?

बाबा : रोज. खाली चिखल होता, म्हणून कुणाला उतरवलं नाही. वरूनच हात करून म्हणायचो, तो बघा आपला ओंडका. लोक हसायचे. मला वाटायचं, आज आपली भट्टी छान जमलीय.

मुलगी : उद्या कोण येणार आहे?

बाबा : शाळा. चव्वेचाळीस मुलं, तिसरी-चौथीची.

मुलगी : आणि डबे कुठे खाणार होती ती?

बाबा : चिखल वाळलाय आता. खालीच नेणार होतो.

मुलगी : मी पक्षी बघायला रजा काढून आलेले नाही, बाबा. आईनं पाठवलंय. परवा तुम्ही दारातल्या पायपुसण्याला शुकशुक करत होतात.

बाबा : मांजर तिथेच बसतं रोज.

मुलगी : डॉक्टरकडे तरी जाऊ या.

बाबा : जाऊन आलोय. दोघांकडे. मोतीबिंदू असता तर केव्हाच काढून आलो असतो. डोळ्याचा पडदाच झिजलाय. आहे तेवढं टिकवायचं, म्हणाले.

मुलगी : आणि आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीत?

बाबा : सांगितलं असतं तर घरी बसवलं असतं तुम्ही. घरात मी आंधळा आहे गं. इथे नाही.

मुलगी : आज इथेही होतात.

बाबा : उद्या त्यांना वरच्या वाटेनं नेतो. परवापासून बघू काय ते. तू एवढा एक दिवस गप्प राहा.

मुलगी : नाही.

बाबा : बापासाठी एवढं नाही करणार?

मुलगी : बाबा, मला भीती वाटतेय. मगरीची वाटली नाही एवढी आत्ता तुमची वाटतेय. तुमच्या ऑफिसातल्या मॅडमना तुम्ही सांगा, नाहीतर मी जाऊन सांगते.

बाबा : पिशवीतला वॉकीटॉकी दे. नको, मला दिसतंय ते बटण. हॅलो, मॅडम. मी बोलतोय.

(वॉकीटॉकी खरखरतो.)

मॅडम : बोला मामा.

बाबा : नदीकाठच्या वळणावर मगर चढली होती. ती वाट बंद करायला सांगा.

मॅडम : लगेच सांगते. कुणाला काही झालं नाही ना? नशीब, तुमच्या नजरेला पडली.

बाबा : माझ्या नाही, मुलीच्या.

मॅडम : वा. म्हणजे नजर बापाचीच घेतलीय पोरीनं.

बाबा : मॅडम, उद्या शाळेबरोबर दुसरं कुणी द्या. मला दिसत नाही.

मॅडम : दिसत नाही म्हणजे? चष्मा फुटला का?

बाबा : चष्म्यानं भागण्यातलं नाही. कडेकडेचं दिसतं, मधे सगळा धूर. वर्ष होत आलं.

मॅडम : आणि रोज माणसं घेऊन जात होतात?

बाबा : रोज.

मॅडम : शनिवारीसुद्धा?

बाबा : शनिवारीसुद्धा.

मॅडम : शनिवारी माझी धाकटी होती तुमच्या गटात, मामा.

बाबा : माहीत आहे.

मॅडम : घरी येऊन किती कौतुकानं सांगत होती. म्हणे, मामांनी सबंध वाट माझा हात धरला होता.

बाबा : मी नव्हता धरला, मॅडम. तिनं माझा धरला होता.