नऊ घरांचा चहा

नको, माझ्या चहात दूध घालू नका. कारण विचारताच आहात, तर सांगते.

निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षांत आमच्या सेवा मंडळाला लेकरांसाठी दूधकेंद्र काढायचं होतं. कोणत्या गावाला त्याची गरज अधिक, हे ठरवणारा तक्ता मी तयार केला होता. नुकतीच पदवीधर झाले होते. ऐकीव काही लिहायचं नाही, डोळ्यांना दिसेल तेच नोंदवायचं, हा माझा नियम. कुरुंद्याच्या एका गल्लीत नऊ घरी गेले आणि नऊही घरी मला दुधाचा चहा मिळाला. ‘घरात दूध’ या रकान्यात मी नऊ वेळा ‘आहे’ लिहिलं. केंद्र दुसऱ्या गावी गेलं.

वर्षभराने त्याच गल्लीतली गयाबाई बाजारात भेटली. तिच्या कडेवरचं लेकरू अगदी वाळून गेलं होतं.

“याला दूध देत नाही का?” मी विचारलं.

“कुठलं दूध, बाई? गल्लीत म्हैस एकच. तुमी ज्या घरी जाल, तिथं आमी मागल्या दारानं वाटी पोचवून राहिलो होतो.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“पाव्हणीला कोरा चहा द्यावा व्हय?” ती हसली. “तुमी नऊ घरी घेतला. त्या दिवशी लेकरायला थेंब उरला न्हाई.”