अर्धा सूर चढा

गिलार : आबा, तुम्ही तरी रेस्तीला समजवा. मी मुद्दाम स्वतः आलो. आमच्या मेटल बँडमध्ये येऊ नकोस, हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं.

आबा : आधी बस. बाला-बाला भजी गरम आहेत, मिरची घे. आता सांग, माझ्या मुलीने केलं काय?

गिलार : केलं काही नाही. आम्हाला गिटारवर सोलो वाजवायला माणूस हवंय, हे सगळ्या उजुंग बेरुंग वस्तीला ठाऊक आहे. आज चार वाजता शेवटची निवड. रेस्तीचं नाव यादीत होतं. पण रविवारी ती आमच्याबरोबर वाजवायला बसली, आणि...

रेस्ती : आणि काय? बोला ना दादा. माझ्यासमोर बोला.

गिलार : हात चांगला आहे गं तुझा, खोटं नाही बोलत. पण सूर लागत नाही. आम्ही सगळे एकीकडे, तू दुसरीकडे. त्यात घाई. ड्रमवाला म्हणाला, हिच्या मागे कुत्रं लागलंय का?

आबा : सूर लागत नाही?

गिलार : राग मानू नका आबा.

आबा : राग कसला? फक्त पुन्हा एकदा म्हण. माझ्या घरात, माझ्या भिंतीला टेकून म्हण. तीस वर्षं मी लग्नांत कचापी वाजवली. अठरा तारा. एखाद्या लग्नातला नवरा पळाला असेल, पण माझी तार कधी उतरली नाही.

रेस्ती : आबा, राहू द्या ना. तुम्हाला कुठे आवडतं माझं वाजवणं?

आबा : आवडत नाही, ते वेगळं. पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटतं. पण बेसूर? तसं कधी कानावर आलं नाही. तू दार लावून बसतेस तरी मी ऐकतो.

रेस्ती : ऐकता? मग दोन वर्षांत एकदा तरी बोललात?

आबा : बोलायला जागा ठेवली होतीस? कचापी शीक म्हटलं, तर नको म्हणालीस. मीही म्हणालो, मग त्या भिंतीकडून शीक.

रेस्ती : शिकले की. भिंतीला मोबाईल टेकवला आणि शिकले. एक माणूस, त्याचे चाळीस धडे. भाषा कळत नाही, नुसती बोटं बघायची. शेवटच्या धड्यातला मेटलचा सोलो आठ महिने घोटतेय, आणि अजून तो माझ्या पुढेच. केसभर, पण पुढे. दादांचं बरोबर आहे, आबा. मला नाही येत. मी चारला जात नाही.

गिलार : एक सांग, सूर लावायचं यंत्र वापरतेस ना? मोबाईलमध्येसुद्धा असतं.

रेस्ती : आमच्याकडे यंत्राला विचारायची पद्धत नाही. कचापी बासरीला मिळवतात. बासरीला काही खुंट्या नसतात, म्हणून तारांनीच तिच्याकडे जायचं. व्हिडिओलाही खुंट्या नसतात. तो वाजवतो त्या सुराला मी माझ्या तारा मिळवल्या.

आबा : ऐकलंस? हे तिला कुणी शिकवलं नाही. घरात बघून आलंय.

गिलार : पण मग तुझी खालची बारीक तार सारखी तुटते कशी? रविवारीही तुटली.

रेस्ती : तुटते. महिन्याला दोन जातात.

आबा : दोन? पोरी, ओढून चढवल्याशिवाय तार इतकी तुटत नाही. आण तो मोबाईल. तुझा गुरू दाखव मला.

रेस्ती : तुम्ही बघणार?

आबा : ऐकणार. हे वाजवणं नको, पुढे ढकल. तो बोलतो तिथे लाव.

गिलार : आबा, तो इंग्रजीत बोलतो.

आबा : मला कुठे त्याच्याशी सोयरीक करायचीय? हं, इथे. बघ हा माणूस. दाराएवढा. छाती बघ, दाढी बघ, आणि आवाज कोंबडीच्या पिल्लाचा. आता चहा पितोय. कप ठेवला, बघितलास? टपकन. असा कप कोण ठेवतं? हा माणूस मुळात एवढा भरभर नाही. कुणीतरी याचा व्हिडिओ वेगात चालवलाय.

गिलार : द्या बघू इकडे. रेस्ती, हा आणलास कुठून?

रेस्ती : मागच्या गल्लीतल्या मोबाईलवाल्याने कार्डावर भरून दिला.

गिलार : चोरटी प्रत आहे ही. नेटवर टाकताना पकडले जाऊ नये म्हणून हे लोक वेग थोडा वाढवून ठेवतात. वेग वाढला की सूरही चढतो. थांबा, अस्सल धडा माझ्याकडे आहे. हा ऐका. अर्धा सूर खाली. बरोबर अर्धा.

आबा : म्हणजे माझ्या मुलीचा सूर?

गिलार : तिने ऐकला तसाच लावला. तंतोतंत. मीच चुकलो, आबा.

आबा : हं. भजी घे अजून.

रेस्ती : दादा, म्हणजे तो एवढ्या वेगात वाजवतच नाही?

गिलार : या धड्यात तरी नाही. आठ महिने तू ज्याच्या मागे धावतेयस, तो तिथे नव्हताच.

रेस्ती : रडलेय मी त्याच्यापायी. उशीत तोंड खुपसून.

गिलार : तारा अर्धा सूर उतरव. मी अस्सल धडा लावतो, तू त्याच्याबरोबर वाजव. शेवटचा तुकडा, एका दमात सगळ्या तारांवरून खाली येतो तो.

(रेस्ती तारा उतरवते, गिटार वाजवते.)

रेस्ती : किती संथ आहे हो हे. मध्ये श्वास घ्यायला वेळ मिळतो. दोनदा त्याच्यासाठी थांबावं लागलं मला.

गिलार : बघितलं. अकरा वर्षं वाजवतोय मी, आणि त्या तुकड्यात माझी बोटं अजून अडखळतात. चारला ये. रविवारी सगळ्यांसमोर बोललो, आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

रेस्ती : माफी नको. ड्रमवाल्याला जरा लवकर बोलवा. एकदा याच्या वेगाने वाजवीन, निवडीसाठी. मग एकदा माझ्या वेगाने. त्याला झेपलं तर.

गिलार : झेपेल. नाहीतर मी आहेच त्याच्या मागे.

आबा : रेस्ती.

रेस्ती : काय?

आबा : तोंडावर कौतुक करायची आपल्या घरात रीत नाही. माझ्या बापाने माझं केलं नाही, मी तुझं केलं नाही. आज करतो. भाषा कळत नसताना, एकटीने, नसलेल्या माणसाला गाठलंस तू. माझ्याकडे शिकली असतीस तर एवढं आलं नसतं. मला अभिमान वाटतो गं तुझा.

रेस्ती : पण घोळ तुमच्याच कानाने पकडला ना? मी दोन वर्षं तो आवाज ऐकला, मला एकदाही शंका आली नाही.

आबा : गुरूवर शंका घ्यायला वय लागतं. येईल तेही.

गिलार : आबा, तुम्हीही चला ना. आवाज मोठा असतो, आधीच सांगून ठेवतो.

आबा : येतो. मागे दाराशी उभा राहीन.

रेस्ती : दाराशी कशाला?

आबा : तिथे सगळी काळ्या कपड्यांतली पोरं, आणि त्यांच्यात बाटिकचा सदरा घातलेला एक म्हातारा. कुणी विचारलं, तुम्ही इकडे कुठे, तर काय सांगू?

रेस्ती : सांगा, सोलो वाजवणाऱ्या मुलीचा बाप आहे.

आबा : ते सांगायला कुणी विचारायची वाट कोण बघतंय.