कमान राहू दे

भूषण : आबा, आपल्या पुनमचं लग्न झालं, त्याच वर्षी शाळेचं गेट पडलं ना?

आबा : पडलं नाही. वऱ्हाडाचा टेम्पो मागं घेताना तू पाडलं. बठ्ठ्या गावाला ठाऊक शे.

भूषण : तेच म्हणतो. माझ्या हातून पडलं, आता मीच बांधतो. दगडी कमान, वर आईचं नाव. भडगावचा कारागीर ठरवून आलोय. सोनल मॅडम, तुम्ही फक्त हो म्हणा.

सोनल : भूषणभाऊ, गेट जिल्हा परिषदेकडून मंजूर झालंय. रंगाचे डबेसुद्धा येऊन पडलेत.

भूषण : मग शाळेला काही नकोच?

सोनल : पाहिजे की. पहिलीला शिकवायला माणूस पाहिजे. चार वर्ग आणि मी एकटी.

भूषण : त्याच मंजूर पैशातून ठेवा एखादी बाई.

सोनल : तो बांधकामाचा निधी. त्यातून वीट येते, बाई येत नाही. गेल्या साली चांगली फरशी उखडून नवी बसवली. मी नको म्हटलं, तर म्हणाले, निधी परत जाईल.

आबा : म्हणजे बैलाला झूल नवी, अन् गव्हाणीत कडबा नाही.

सोनल : गावानं दिलेल्या पैशाला मात्र ती अट नाही. नवलभाऊंची सून शीतल डी.एड. आहे. मानधन मिळालं, तर शाळा उघडल्यापासून येते म्हणाली.

भूषण : अन् पाव्हणे? उद्या अक्षय तृतीया, आपली आखाजी, अन् परवा आईच्या वर्षश्राद्धाला सावद्याचे मामा येतील. उतरल्या उतरल्या विचारतील, भाच्या, कमान कुठं शे?

आबा : सांग, आत वर्गात बसली शे.

सोनल : भाऊ, पहिलीला आधी कोण सांभाळायचं, माहीत आहे?

भूषण : आई तर खिचडी शिजवायची.

सोनल : हातात झारा, पाऊल दारात. मी चौथीला भागाकार सांगायचे, मावशी पहिलीकडून बाराखडी म्हणवून घ्यायच्या. कोणी चुकलं, की झारा वर!

आबा : झारा मीही पाहिला. रोज चुलीपुढं बसवून कोळशानं अक्षरं काढायला लावी. म्हणे, अंगठा पुष्कळ झाला, आता सही करा.

भूषण : मला कधी बोलला नाहीत.

आबा : तू सुरतेला. फोनवर काय सांगू, तुझा बाप पहिलीत शे म्हणून?

सोनल : मावशी गेल्या, तेव्हापासून ती पोरं नुसती बसून असतात हो.

भूषण : ...बरं. शीतलवहिनींना निरोप द्या. यंदाचं मानधन माझ्याकडे.

आबा : यंदाचं? कमान काय एका सालापुरती बांधत होता?

भूषण : बरं आबा, दरसाल. कारागिराला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा. पण आईचं नाव? सरकारी गेटवर ते येणार नाही.

आबा : फळ्यावर येईल. मॅडम, खडू द्या.

भूषण : फळा तर पुसला जातो.

आबा : म्हणून तर रोज लिहिणारं माणूस पाहिजे.

(आबा फळ्याशी उभे राहून सावकाश लिहितात.)

सोनल : वाचा भाऊ, मोठ्यानं.

भूषण : 'कमलबाई चुडामण महाजन. हा वर्ग तिनं सांभाळला. गेल्या साली आखाजीच्या दुसऱ्या दिवशी वारली.'