मंद ताऱ्यासाठी वीस रात्री

"हॅलो?… हॅलो, बोल गं… नाही, शेडमध्ये आहे. सकाळीच पिल्लं आलीत, दोनशे. एका दिवसाची… हां, तोच आवाज. फोन बिघडलेला नाहीये, पिल्लं ओरडतायत."

थोरलीने मान वाकडी करून फोन खांद्याशी दाबून धरला. दोन्ही हातांत पाण्याची भांडी होती. धाकटी बहीण दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधायची आणि भर दुपारी सहसा फोन करायची नाही.

"काय झालं?… मुसमुसू नकोस, नीट सांग. कुठे आहेस?… जिन्यात? अगं, आज तुला समितीपुढे बोलायचं होतं ना, मोठ्या दुर्बिणीच्या वीस रात्री मागायच्या म्हणून?… वीस मिनिटांनी. मग जिन्यात काय ठेवलंय?… काय? अर्ज मागे घेतेस?"

भांडी खाली टेकली. थोडं पाणी भुशावर सांडलं, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"थांब. कोण काय म्हणालं ते आधी सांग… अध्यक्ष. हं… 'असल्या मिणमिणत्या ताऱ्यांवर रात्री कशाला घालवायच्या.' तुला म्हणाले?… तुझ्या आधीच्या माणसाला ना? मग तू का रडतेस?… हो, हो, तुझाही तारा तसलाच, कळलं… अगं ऐक ना. त्या समितीत सगळे ताऱ्यांवालेच आहेत का?… नाही ना. पूल बांधणारे आहेत, डॉक्टर आहेत, म्हणजे या बाबतीत माझ्यासारखेच. मग मलाच सांग. मीच समिती."

ती पालथ्या क्रेटवर बसली.

"हं… तारा छोटा, लालसर, मंद. तो आणि त्याचे ग्रह एकाच धुळीच्या ढगातून झाले… म्हणजे कणकेचा मोठा गोळा ताऱ्याने घेतला, उरल्यासुरल्यातून ग्रह… ढगच लहान, म्हणून ग्रहही बहुतेक लहान, दगडाचे, आपल्यासारखे. हे बरंच आहे की. मग अडतं कुठे?… ऊब. बरं. तारा मंद, म्हणून ग्रहाला अगदी खेटून राहावं लागतं. किती खेटून?… अकरा दिवसांत एक फेरी? म्हणजे अकरा दिवसांचं वर्ष? मग मी तिथे चौदाशे वर्षांची झाले की… हसलीस. हसलीस ना? बरं झालं."

बोलता बोलता तिची नजर पत्र्याच्या गोल कुंपणात गेली आणि ती उठून उभी राहिली.

"ए बबडे, तुझा ग्रह कुठे बसवायचा ते माझ्यासमोर आहे… चेष्टा नाही करत, ऐक. पिल्लांना ऊब द्यायचा माझा दिवा लाल आहे, लहान आहे. दिव्याच्या बरोबर खाली एकही पिल्लू नाही, तिथे भाजतं. पार कडेला पत्र्यापाशीही नाही, तिथे गारठतं. मधेच बांगडीसारखं कडं करून बसलीत सगळी… नाही गं, मी नाही बसवली, आपापली बसतात. मागच्या खेपेला दिवा मोठा होता, तेव्हा कडं लांब होतं. या वेळी लहान लावला, तर जवळ सरकलीत. पण कडं असतंच… फोटो? काढते की."

ती क्रेटवर चढली. पहिल्या फोटोत तिचा अंगठा आला. दुसरा तिने पाठवला.

"आला?… दिसतं ना कडं?… हं, पुढे सांग… एकच बाजू ताऱ्याकडे? कायमची? म्हणजे एकीकडे कायम दुपार आणि पाठीमागे कायम रात्र. मग पाठ गारठेलच की… हवा असेल तर ऊब मागे पोचते. बरोबर, आमचा पंखा तेच करतो. आणि आहे का हवा?… अगं, आहे की नाही?"

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. या वेळी तिने घाई केली नाही.

"माहीत नाही. बरं… असले तारे तरुणपणी फार भडकतात, हवा उडवून लावली असेल. किंवा उरलीही असेल… तीन वर्षं त्याच ताऱ्यामागे आहेस आणि माहीत नाही… टोमणा नाही मारत गं, समजून घेतेय. आणि त्यांनी नेमकं हेच विचारलं तर काय सांगू, म्हणून तू जिन्यात बसलीस… अगं वेडे, माहीत असतं तर रात्री कशाला मागितल्या असत्यास? तेच सांग. मला सांगितलंस तस्संच. माहीत नाही, आणि बघितल्याशिवाय कळणार नाही… लाज कसली त्यात?… बोलावतायत? जा मग. आधी तोंड धू. जा, जा."

फोन बंद झाला. थोरलीने ओला भुसा काढून कोरडा टाकला, भांडी भरली, मग भरलेलीच भांडी पुन्हा भरायला निघाली. तास गेला, वर अर्धा तास गेला. फोन वाजला तेव्हा तिचे हात खाद्याच्या पोत्यात होते आणि तो धरताना तिच्या हातून भुशात पडला.

"हॅलो? हां, बोल, पडला होता… किती?… बारा. वीस मागितल्या होत्यास… अगं, बारा म्हणजे चांगल्या डझनभर आल्या, तोंड कशाला पाडतेस?… नाही पाडलंस? मग ठीक. आणि अध्यक्ष? काय विचारलं?… माझा फोटो बघून, पिल्लांचा दिवा रात्री बंद करता का म्हणून? आणि तू काय सांगितलंस?… 'ताईला विचारून कळवते.' बरं, कळव. पहिले काही आठवडे अजिबात बंद करत नाही म्हणावं."

ती शेडच्या दाराशी आली. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"आणि हवा निघालीच नाही तर?… हं. तेही कुणाला तरी कळायलाच हवं, खरंय… ए, एक विचारू? तो तारा इथून दिसतो का?… नुसत्या डोळ्यांनी नाही. अगदी अंधारातही नाही?… बरं. नाही दिसला तरी चालेल, मान कुठे वळवायची तेवढं सांग… दक्षिणेला. म्हणजे खाद्याच्या गोदामाच्या वर… आठ वाजता. बघते… अगं हो, दिसणार नाही हे कळलं मला. तरी बघते. चल, ठेवते आता. जेवून घे काहीतरी."