तारेवरचा कोतवाल

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन आणि त्यांची मुलगी येऊन बसली. दोघं नुकतीच डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आली होती.

"बाबा, चहा आणू?"

"नको. परवा परसात मी काढलेल्या फोटोत कोणता पक्षी होता?"

"कोतवाल. तुम्हीच सांगितलंत की."

"मी सांगितलं ते सोड. डॉक्टर म्हणाले, गेले तीन महिने मला नुसत्या सावल्याच दिसत असणार. मग मी फोटो कसले काढले?"

"पक्ष्यांचेच."

"बेबी, खरं बोल."

"काही नुसत्या फांद्यांचे आहेत."

"आणि परवाचा?"

"तारेवर माझे काळे मोजे वाळत होते, बाबा."

"दुभंगलेली शेपटी किती झकास आलीय, म्हणालो होतो मी."

"हो."

"आणि तू मान डोलावलीस."

"तुम्ही किती दिवसांनी हसला होतात!"

"वहीत लिहिलंस?"

"तुम्ही सांगाल तसं लिहीत गेले. तारीख, वेळ, पक्ष्याचं नाव."

"तीस वर्षांची वही आहे ती. ओळख पटली नाही, तर मी जागा कोरी सोडायचो. अंदाजाने कधी नाव टाकलं नाही."

"चुकलं माझं. घरी गेल्यावर खोडते."

"खोडू नकोस. एकेक फोटो बघ, खरं काय आहे ते मला सांग आणि पुढे लिही."

"बरीच पानं आहेत, बाबा."

"असू देत. आता मला दुसरं काम काय आहे?"